१९४६चं नौसैनिकांचं बंड आणि मुंबई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्ट-कुलाबा भागात इतिहासफेरी काढली की दर वेळी साधारण हेच प्रश्न येतात. चालता चालता, टॅक्सीच्या हॉर्नमधून, धड उत्तर देता येत नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं आहे. आवडीचा प्रश्न थेट गाठला तरी चालेल.

थोडक्यात सांगा, हे बंड म्हणजे काय होतं?

१८ फेब्रुवारी १९४६, सोमवार. कुलाब्यातल्या ‘एचएमआयएस तलवार’ या तळावरच्या हजाराहून जास्त भारतीय नौसैनिकांनी जेवायला आणि कामावर जायला नकार दिला. नावात ‘एचएमआयएस’ (‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’) असलं तरी तलवार हे जहाज नव्हे. ती जमिनीवरची, बिनतारी संदेशवहन शिकवणारी शाळा होती. पुढच्या दोन-तीन दिवसांत कराची, कलकत्ता, मद्रास, विशाखापट्टणम, कोचीनपर्यंत लोण पोचलं. साधारण ७८ जहाजं, किनाऱ्यावरचे २० तळ आणि २०,००० नौसैनिक त्यात होते, असे आकडे नेहमी दिले जातात. २३ तारखेच्या पहाटे मुंबईत शरणागती झाली. म्हणजे जेमतेम सहा दिवसांचा मामला, पण त्या सहा दिवसांत या शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली.

एवढं सगळं खरंच खराब जेवणावरून झालं?

ठिणगी जेवणाचीच होती. डाळीत खडे, भातात खडे, आणि तक्रार केली की वर शिव्या. ‘नो फूड, नो वर्क’ ही त्यांची पहिली घोषणा. पण नुसत्या डाळीवरून वीस हजार माणसं उठत नाहीत.

युद्धाच्या आधी ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे अगदी लहानसं दल होतं, दोन हजारांच्या आत. १९४५पर्यंत ते तीस हजारांच्या आसपास गेलं. ही भरती कोणाची? शिकलेल्या, इंग्रजी वाचणाऱ्या पोरांची. सिग्नल, तार, रडार ही कामं अडाणी माणसाच्या हाती देता येत नाहीत. भरतीच्या वेळी त्यांना पगाराची, बढतीची, युद्धानंतरच्या नोकरीची आमिषं दाखवली होती. प्रत्यक्षात गोऱ्या खलाशाच्या तुलनेत पगार कमी, जेवण निकृष्ट, वागणूक त्याहून निकृष्ट. आणि १९४५मध्ये युद्ध संपल्यावर ‘आता घरी जा’. घरी जाऊन करायचं काय, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

त्यात यातली बरीच पोरं ब्रह्मदेश, मलाया या आघाड्यांवर जाऊन आलेली. हुकूमशाहीविरुद्ध लढायचं म्हणून गेलेली माणसं परत येऊन आपल्याच बंदरात ‘कुलीची अवलाद’ ऐकत होती.

ते शब्द कोणाचे?

तलवारचे कमांडिंग ऑफिसर कमांडर आर्थर फ्रेडरिक किंग यांचे. नौसैनिकांना ‘कुलीची पोरं’, ‘जंगली’ आणि त्यापेक्षा वाईट काही म्हटल्याची तक्रार त्यांच्यावर होती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काही जणांनी ही तक्रार रीतसर, लेखी, नियमांच्या चौकटीत केली. किंगसाहेबांनी ती उडवून लावली आणि खोटी तक्रार केल्याचे परिणाम काय होतात ते वर ऐकवलं. त्यानंतर दोनच दिवसांत ताटं परत गेली. माझ्या मते बंडाचा खरा क्षण तक्रार फेटाळली गेली तो. तोवर ही मुलं नियमाने चालली होती.

बी. सी. दत्त यांचं नाव ऐकलंय. ते काय करत होते?

बलाई चंद्र दत्त, टेलिग्राफिस्ट, वय विशीच्या थोडं पुढे. १ डिसेंबर १९४५ला नेव्ही डे होता. शहरातल्या प्रतिष्ठितांना तळ दाखवायचा बेत होता आणि सकाळी पाहतात तो भिंतींवर ‘क्विट इंडिया’, ‘इन्किलाब झिंदाबाद’. हे काम दत्त आणि त्यांच्या मूठभर सोबत्यांचं. पुढे २ फेब्रुवारीला सरसेनापती ऑकिनलेक तळाला भेट देणार होते. पहारा कडक असूनही पुन्हा घोषणा रंगवल्या गेल्या. या वेळी दत्त सापडले.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. दत्तांचा हा गट छोटा होता आणि त्यांच्यामागे कोणताही पक्ष नव्हता. वर्तमानपत्रं, भिंतीवरची पत्रकं आणि लाल किल्ल्यावरच्या खटल्याच्या बातम्या, एवढंच त्यांचं राजकीय शिक्षण. ‘हे सगळं कम्युनिस्टांनी घडवून आणलं’ असं तेव्हाचे इंग्रज अधिकारी म्हणत आणि आजही काही जण म्हणतात. सुरुवातीचे दिवस बारकाईने पाहिले तर ते टिकत नाही.

लाल किल्ल्यावरचा खटला म्हणजे आझाद हिंद सेनेचा ना? त्याचा इथे काय संबंध?

फार जवळचा. नोव्हेंबर १९४५मध्ये शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. सरकारला वाटलं धाक बसेल, झालं उलटं. देशभर सभा झाल्या, आणि जानेवारी १९४६च्या सुरुवातीला ऑकिनलेक यांना जन्मठेपेची शिक्षा माफ करावी लागली. बराकीत बसलेल्या पोरांनी यातून काढायचा तो अर्थ काढला: बादशहाची शपथ मोडणारा वीर ठरू शकतो आणि सरकार माघारही घेऊ शकतं. त्याच जानेवारीत विमानदलातल्या गोऱ्या सैनिकांनी लवकर घरी सोडा म्हणून संप केला होता. त्यांना कोणी गोळ्या घातल्या नाहीत, हेही या पोरांनी पाहिलं.

मोबाइल नव्हते. मग दोन दिवसांत कराचीपर्यंत कसं पोचलं?

संदेशवहनाची शाळाच संपावर गेली होती! बिनतारी यंत्रं ज्यांच्या हाताखाली, तेच संपावर. तलवारवरून निघालेला संदेश जहाजावरचा सिग्नलमन ऐके आणि पुढे देई. ज्या यंत्रणेवर साम्राज्याचं आरमार चालायचं तीच यंत्रणा खालच्या माणसांनी वापरली. अधिकाऱ्यांना सकाळी कळायचं तोवर खालच्या डेकवर रात्रीच ठरलेलं असायचं. शिवाय आकाशवाणी आणि दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं होतीच.

१९ तारखेला नौसैनिक लॉऱ्यांमधून झेंडे घेऊन फोर्टमध्ये फिरले. काहींच्या हातात हॉकी स्टिक होत्या. वाटेत गोऱ्यांना गाडीतून उतरवणं, दुकानं बंद करायला लावणं असेही प्रकार झाले. आमच्या फेरीत हे सांगितलं की काही लोक नाराज होतात. पण झालं ते झालं. जहाजांच्या डोलकाठ्यांवर युनियन जॅकऐवजी काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तिन्ही झेंडे एकत्र चढले. १९४६मध्ये हे तीन झेंडे एका काठीवर दुसरीकडे सहसा दिसत नव्हते.

त्यांचा नेता कोण होता?

१९ तारखेला ‘नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी’ निवडली गेली. अध्यक्ष लीडिंग सिग्नलमन एम. एस. खान, उपाध्यक्ष पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट मदन सिंग. म्हणजे आरमाराच्या उतरंडीत अगदी खालच्या पायऱ्यांवरची दोन तरुण माणसं, ज्यांनी आयुष्यात कधी पाच-पन्नास माणसांपलीकडे हुकूम दिला नव्हता. त्यांच्या हाती अचानक बंदरातली जहाजं, तोफा आणि हजारो माणसं आली.

या प्रश्नावर जरा रेंगाळतो, कारण सगळा पेच इथे आहे. कमिटीने मागण्या उत्तम लिहिल्या: चांगलं जेवण, गोऱ्यांइतका पगार, किंगवर कारवाई, नोकरीतून सुटणाऱ्यांची सोय, आणि त्यांच्याच सोबत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची व सर्व राजकीय कैद्यांची सुटका, इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलवा. पोटाचं आणि देशाचं एकाच कागदावर. पण सरकार ऐकत नसेल तर पुढे काय, हे कोणी ठरवलं नव्हतं. तोफा वापरायच्या की नाही? मुंबई शहरासमोर बंदरात उभं राहून तोफा डागायच्या म्हणजे कोणावर? त्यांना राष्ट्रीय पुढाऱ्यांकडे सूत्रं सोपवायची होती आणि ते निरोपावर निरोप पाठवत राहिले. अरुणा असफअली यांनी सहानुभूती दाखवली, कम्युनिस्ट पक्षाने जाहीर पाठिंबा दिला. ज्यांच्या शब्दाला वजन होतं त्यांच्यातलं कोणी जहाजावर पाय ठेवायला तयार नव्हतं.

धैर्य खूप, आखणी शून्य, असं मी म्हणतो. यावर माझ्याशी भांडणारे बरेच भेटतात.

२१ तारखेला फोर्टमध्ये लढाई झाली म्हणतात. नेमकी कुठे?

टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर उभे राहा. या इमारतीच्या मागे समुद्राच्या बाजूला जो बंदिस्त तळ आहे तो तेव्हाचा कॅसल बॅरक्स, आजचा आयएनएस आंग्रे. जुन्या बॉम्बे कॅसलची जागा तीच. २० तारखेला नौसैनिकांना आपापल्या बराकीत परत जायला सांगितलं गेलं. ते गेले, आणि सकाळी उठून पाहतात तो बाहेर लष्कराचा वेढा. बाहेर पडायचा प्रयत्न झाला, गोळीबार सुरू झाला. आतल्यांनी शस्त्रागार उघडलं आणि काही तास दोन्ही बाजूंनी गोळ्या चालल्या. हॉर्निमन सर्कल, तेव्हाचं एल्फिन्स्टन सर्कल, तिथून हाकेच्या अंतरावर. बँका आणि कचेऱ्यांच्या त्या भागात भरदिवसा ही चकमक.

त्याच दिवशी आरमारप्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल जॉन गॉडफ्रे रेडिओवर बोलले. सरकारकडे प्रचंड बळ आहे आणि ते सगळं वापरलं जाईल, मग त्यात हे आरमार नष्ट झालं तरी बेहत्तर, असा त्याचा आशय. दुसऱ्या दिवशी बॉम्बफेकी विमानं बंदरावरून खालून घिरट्या घालून गेली. ‘ग्लासगो’ ही ब्रिटिश क्रूझर मुंबईकडे निघाली होती. कराचीत ‘हिंदुस्तान’ जहाजावर २२ तारखेला तोफा डागल्या गेल्या आणि ते शरण आलं.

हे गॉडफ्रे म्हणजे जेम्स बाँडचे साहेब?

हो, तेच. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते आणि इयान फ्लेमिंग त्यांच्या हाताखाली होता. ‘एम’ हे पात्र बरंचसं त्यांच्यावर बेतलं आहे असं मानतात. या माहितीवर फेरीत सगळ्यात जास्त मोबाइल बाहेर निघतात. पुढे जाऊ.

मुंबईकरांनी काय केलं?

आधी खायला दिलं. सरकारने रसद तोडल्याचं कळल्यावर लोक गेटवेवर गोळा झाले. फळं, पाव, दूध, जे हाताला लागेल ते घेऊन. जहाजांवरून छोट्या बोटी येत, धक्क्याला लागत, भरून परत जात. पहाऱ्यावरचे हिंदी शिपाई बघून न बघितल्यासारखं करत. रेशनचे दिवस होते ते, देणाऱ्याच्या घरी काही ओसंडून वाहत नव्हतं. दुकानदारांनी नौसैनिकांना ‘हवं ते घ्या’ म्हटल्याच्या नोंदी आहेत.

मग २२ तारीख, शुक्रवार. कम्युनिस्ट पक्षाने सार्वत्रिक संपाची हाक दिली. काँग्रेसचा त्याला विरोध होता, लीगचाही. तरीही गिरण्यांचे भोंगे वाजले आणि आत कोणी गेलं नाही. लाखो कामगार रस्त्यावर होते. लालबाग, परळ, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) या पट्ट्यात दगड, अडथळे, जळणाऱ्या लॉऱ्या, आणि समोरून लष्कराच्या गाड्या. गोळीबार गर्दीवर झाला, चाळींच्या तोंडांशी झाला. परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. त्यांच्या सोबतच्या कुसुम रणदिवे जखमी झाल्या. दोन दिवसांच्या सरकारी हिशेबात २२८ नागरिक मेले आणि हजाराहून जास्त जखमी झाले. लुटालूटही झाली, धान्याची दुकानं फुटली, हेही त्याच दिवसांतलं.

आता हा आकडा नौसैनिकांच्या मृत्यूंशी ताडून पाहा. मुंबईत मेलेले नौसैनिक फार थोडे. या बंडाची किंमत प्रामुख्याने गिरणगावाने मोजली, आणि स्मारक आहे ते कुलाब्यात. परळ-लालबागच्या ज्या कोपऱ्यांवर माणसं पडली तिथे आज टॉवर आहेत आणि त्यांच्या लॉबीत यातलं कोणाला काही ठाऊक नाही. मला हे खटकतं, आणि फेरी परळपर्यंत न्यायची की नाही यावर आमच्यात दर मोसमात वाद होतो.

यात मराठी माणसं किती?

आकडा सांगता येणार नाही, पण चित्र स्पष्ट आहे. युद्धाआधीच्या आरमारात रत्नागिरी जिल्ह्यातली हिंदू-मुसलमान कोकणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या भरती होत. युद्धात भरती वाढल्यावर पंजाब, बंगाल, दक्षिणेतली पोरं आली, त्यामुळे १९४६चं आरमार बऱ्यापैकी सगळ्या देशाचं होतं आणि कमिटीची नावं पाहिली तरी ते कळतं. रस्त्यावरच्या मुंबईचं म्हणाल तर २२ तारखेचा गिरणगाव म्हणजे मुख्यतः घाट आणि कोकणातून आलेला मराठी कामगार. बंदरात नातेवाईक आणि गिरणीत आपण, अशीही घरं असणारच.

गांधीजी, पटेल यांनी पाठिंबा का दिला नाही? रागावूनच विचारतोय.

बहुतेक जण रागावूनच विचारतात. सरदार पटेल तेव्हा मुंबईतच होते. त्यांनी कमिटीला निरोप दिला: शस्त्रं खाली ठेवा, कोणावर सूड उगवला जाणार नाही यासाठी काँग्रेस प्रयत्न करील. जिनांनीही असंच आवाहन केलं. पुढे एका पत्रात पटेलांनी लिहिलं की सैन्यातल्या शिस्तीशी खेळ करता येत नाही, स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणारच आहे. गांधीजींना हिंसा मान्य नव्हती. अरुणा असफअली म्हणाल्या, घटनेच्या वाटाघाटींपेक्षा मोर्चाच्या आघाडीवर हिंदू-मुसलमान जास्त लवकर एक होतील. त्यावर गांधीजींनी ‘हरिजन’मधून कडक उत्तर दिलं.

पटेलांना भित्रे म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सत्ता दारात आली होती, निवडणुका चालू होत्या, आणि वर्षभरात ज्या फौजेचा ताबा घ्यायचा तिच्यात वरिष्ठाचा हुकूम न मानण्याची सवय लागावी असं कोणता भावी गृहमंत्री म्हणेल? पण ‘सूड उगवला जाणार नाही’ हा शब्द पाळला गेला नाही, आणि इथे मात्र त्यांची बाजू घेणं मला जमत नाही.

नेहरू नंतर आले. चौपाटीच्या सभेत त्यांनी सैन्य आणि जनता यांच्यातली लोखंडी भिंत पडली असं म्हटलं. पण तोवर शरणागती होऊन गेली होती.

शरणागती कशी झाली?

२२च्या रात्री कमिटीची बैठक चालली, बाहेर शहर पेटलेलं होतं. पटेलांचा निरोप आला होता. बरीच वादावादी होऊन बहुमताने ठरलं. २३ तारखेला सकाळी सहा वाजता जहाजांवर काळी निशाणं चढली. शेवटच्या निवेदनात त्यांनी म्हटलं की आपण शरण जातो आहोत ते भारताला, ब्रिटनला नव्हे.

मग स्वातंत्र्य या बंडामुळेच मिळालं का? व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅटलींचं वाक्य येतं.

ते वाक्य असं चालतं: १९४५ ते १९५१ ब्रिटनचे पंतप्रधान असलेले अ‍ॅटली १९५६मध्ये कलकत्त्यात आले असता हंगामी राज्यपाल न्या. पी. बी. चक्रवर्ती यांना म्हणाले की ब्रिटिशांनी भारत सोडण्याचं कारण आझाद हिंद सेना आणि नौसैनिकांचं बंड, गांधींचा परिणाम नगण्य. हे चक्रवर्तींनी लिहिलं १९७६मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. अ‍ॅटली त्याआधीच, १९६७मध्ये, वारले होते. खोटं असेलच असं नाही, पण एका माणसाच्या आठवणीवर सगळा इतिहास टांगू नये.

तारखा पाहा. कॅबिनेट मिशन, म्हणजे सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी ब्रिटिश मंत्र्यांचं शिष्टमंडळ, भारतात पाठवण्याची घोषणा अ‍ॅटली सरकारने १९ फेब्रुवारीला केली, बंडाच्या दुसऱ्या दिवशी. लंडनमध्ये असे निर्णय एका रात्रीत होत नसत. तो आधीच झालेला होता. म्हणजे बंडामुळे मिशन आलं असं म्हणता येत नाही.

मग बंडाने काय केलं? त्याने पर्याय संपवला. इंग्रजांना आणखी दहा वर्षं राहायचं असतं तर हिंदी सैनिकांच्या जोरावरच राहावं लागलं असतं, कारण थकलेल्या ब्रिटनकडे स्वतःची माणसं उरली नव्हती. फेब्रुवारी १९४६मध्ये आरमार बसलं, मुंबईत हिंदी विमानदलाच्या लोकांनी सहानुभूतीचा संप केला, महिनाअखेरीला जबलपूरच्या लष्करी सिग्नल केंद्रातले जवान बाहेर पडले. हुकूम दिला तर तो पाळला जाईल का, ही शंका एकदा वरच्या खोलीत शिरली की राज्य चालवणं अवघड. अगदी एक वर्षाने, २० फेब्रुवारी १९४७ला, अ‍ॅटलींनी जून १९४८पर्यंत जाण्याचं जाहीर केलं. निर्णय आधीचा, घाई नंतरची. माझा अंदाज तरी असा आहे.

बंडात भाग घेतलेल्यांचं पुढे काय झालं?

धरपकड झाली. गॉडफ्रे यांच्या जागी व्हाइस अ‍ॅडमिरल माइल्स आले. न्या. फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला आणि त्याने तक्रारींत तथ्य असल्याचं मान्य केलं. तरीही ४७६ जणांना नोकरी गमवावी लागली. स्वातंत्र्यानंतर त्यांना ना भारताच्या आरमाराने परत घेतलं ना पाकिस्तानच्या. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळायला कित्येक वर्षं गेली. जाता जाता: स्वतंत्र भारताच्या आरमाराला पहिला भारतीय प्रमुख, रामदास कटारी, मिळाला तो १९५८मध्ये. तोवर त्या खुर्चीत ब्रिटिश अधिकारीच होते.

आज पाहण्यासारखं काय आहे?

कुलाब्यातलं नौसैनिक उठावाचं स्मारक, २००१मध्ये झालेलं. आरमाराने आपल्या दोन टगबोटींना मदन सिंग आणि बी. सी. दत्त यांची नावं दिली, पण त्या बंदरात दिसल्या तर नशीब. आयएनएस आंग्रे हा चालू तळ आहे. आत जाता येत नाही, आणि फाटकाचे फोटो काढू नका, पहारेकरी मोबाइल मागून घेतात. टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून जेवढं दिसतं तेवढ्यावर समाधान माना. परळ-लालबागला जायचं असेल तर करी रोड स्टेशनला उतरून ना. म. जोशी मार्गाने चाला. पाटी-बिटी काही नाही.